येतो म्हणू नये

आमच्या 'चालते-बोलते' ग्रुपवर मी आजवर बुलढाण्याच्या आसपासच्या पुष्कळ वाटा टाकल्या. गाडी कुठे लावायची, कुठल्या वळणावर कुत्री अंगावर येतात, बसायला सावली कुठे आहे, सगळं बैजवार. भूगोलाच्या बाईंना निवृत्तीनंतर दुसरं काय सुचणार, म्हणून लोक मला चिडवतात आणि तेच लोक रविवारी माझीच वाट धरून निघतात. देऊळघाटाच्या अलीकडची पांदण, शेतांमधून जाणारी गाडीवाट, मात्र मी कधीच टाकली नाही. कुणी विचारलं तर तिकडे चिखल असतो म्हणून सांगते, भर मे महिन्यातसुद्धा.

ग्रुपचं नाव माझ्या नवऱ्याने ठेवलं होतं. धम्मरत्न बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचा. आवाज असा, की संग्रामपूरची गाडी फलाटावर लागल्याचं तो सांगायचा तेव्हा चिखलीच्या माणसालाही घटकाभर संग्रामपूरला जावंसं वाटावं. कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खटकलं. गेल्या दसऱ्यानंतर एका सकाळी दात घासता घासता त्याच्या हातातून ब्रश पडला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. त्यानंतर ग्रुपच्या नावावरून विनोद करणं सगळ्यांनी बंद केलं.

पाय परत आला, पण अर्धाच. उजवं पाऊल उचललं जायचं नाही, फरफटत यायचं. बोलण्यातलं उरलं ते एवढंच: 'हो', 'जयभीम' आणि 'येतो'. माझं नावसुद्धा गेलं. तो मला मंजू म्हणायचा, बाकी सगळ्या जगाला मी मंजुश्री. माझ्याकडे बघून तो तोंड उघडायचा, ओठ मिटायचा, 'म'पर्यंत यायचा आणि मग डोळ्यांत पाणी आणून म्हणायचा, "हो."

त्याच्या फिजिओथेरपीला शाहीन यायची. हुशार पोरगी. ती म्हणाली, "काकू, माणूस जे शब्द आयुष्यभर विचार न करता बोलतो ना, ते उरतात. बाकीचे पुन्हा शिकवावे लागतात. आणि काकांना डांबरावर नका चालवू. मऊ माती बघा. सपाट, सावकाश. खाली काय आहे ते पाऊल शोधायला लागलं की उचलायलाही शिकेल."

म्हणून मी मऊ वाटा शोधायला लागले. मला नवरा पुन्हा चालता-बोलता हवा होता, बास, त्याच्यापुढे मला काही दिसत नव्हतं.

ही पांदण सापडली तेव्हा तूर फुलात होती. देऊळघाटाकडे जाताना रस्ता पैनगंगेच्या बाजूला झुकतो, तिथे डाव्या हाताला सीताफळांची बाग आहे आणि बागेला लागून पांदण आत शिरते. दोन्हीकडे शेतांचे धुरे, म्हणजे बांध, धुऱ्यांवर बोरी-बाभळी, आणि मधोमध बैलगाड्यांनी दळून दळून पिठासारखा केलेला फुफाटा. चढ नाही, उतार नाही. शाहीनने सांगून करून घ्यावी अशी वाट.

बाग वहाबभाईंची. ते आणि त्यांची बायको ताहेरा शेडसमोर सीताफळं निवडत बसले होते. मी रीतसर विचारलं.

"चालवा ना, बाई," वहाबभाई म्हणाले. "पांदन सरकारी हाय. फक्त एक ध्यानात ठेवजा. आतून निंघतांनी 'येतो' म्हनू नका. 'जातो' म्हनजा."

मला हसूच आलं. आमच्या घरात दृष्ट काढत नाहीत, दाराला लिंबू-मिरची बांधत नाहीत, मुहूर्त बघत नाहीत. पण लहानपणी दारातून 'जाते' म्हटलं की आईचा पाठीत धपाटा ठरलेला. ती अंधश्रद्धा नव्हती म्हणे, वळण होतं. साऱ्या महाराष्ट्राला जे म्हणू नको म्हणून शिकवतात, तेच इथे म्हणायचं.

"काऊन हसून राह्यल्या, ताई?" ताहेराने विचारलं. ती हसत नव्हती.

"म्हणायचं कुणाला पण? आत आहे कोण?"

"कोनी नाही," वहाबभाई म्हणाले. "माह्या बापानं मले सांगतलं, त्याच्या बापानं त्याले. आमी घरातून निंघतांनी खुदा हाफिज म्हनतो. पांदनीतून निंघतांनी 'जातो'. काऊन ते मले काय माहीत?"

त्या दिवशी धम्मरत्न छान चालला. उन्हात तुरीचा पिवळा रंग पेटला होता आणि होले घुमत होते. त्याचं डावं पाऊल फुफाट्यात पूर्ण उमटायचं आणि उजव्याची लांब रेघ. मागे वळून बघितलं की आमचा सगळा प्रवास वाचता यायचा: माझ्या चपला, त्याचं पाऊल, त्याची रेघ.

पांदण एका ठिकाणी वळते. वळणावर जुना निंब आहे आणि निंबाखाली बसायला एक सपाट दगड. मी मुद्दाम वाकून पाहिलं. शेंदूर नाही, नारळाची करवंटी नाही, काही नाही. मधोमध जरा खोलगट झाला होता इतकंच. आम्ही बसलो, पाणी प्यायलो. निघताना धम्मरत्न वळला, डावा हात वर केला आणि दगडाकडे बघून म्हणाला, "येतो."

जिभेवर शिल्लक तेवढाच शब्द. तो दुसरं काय म्हणणार होता? पण तो कसा म्हणाला हे मी विसरू शकत नाही. पाहुणचार घेऊन उठलेला माणूस यजमानाच्या डोळ्यांत बघून म्हणतो, तसं. मी उगाच दगडाकडे पाहिलं. सावली हलत होती.

परतीला वहाबभाईंनी चहा दिला. "म्हनले ना, जातो?"

"त्याला म्हणताच येत नाही," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ताहेराने बशी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी दुसरी वाट काढली होती, पण धम्मरत्न गाडीत बसल्यापासून देऊळघाटाच्या दिशेला बोट दाखवायला लागला. तिसऱ्या दिवशीही तेच. मीही हट्ट धरला नाही, कारण पांदणीत त्याचं पाऊल उचललं जायला लागलं होतं. वळणाच्या अलीकडे रेघ तुटक व्हायची आणि निंबाजवळ तर दोन्ही पावलं स्पष्ट उमटायची. बाहेर रस्त्यावर आलो की पुन्हा फरफट. शाहीनला सांगितलं तर म्हणाली, "मातीचा गुण आहे काकू, चालू ठेवा." दर वेळी निघताना तो हात वर करायचा आणि म्हणायचा, "येतो."

मग ते राजूर घाटाकडचं झालं. बदल हवा म्हणून मी त्याला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं. माझी जुनी, पाठ असलेली वाट. एका शेताच्या कडेने जाऊन ती पाझर तलावाला मिळते. बोलता बोलता, म्हणजे मी बोलता बोलता, आम्ही वळलो आणि समोर निंब होता. खाली सपाट दगड.

निंब काय, गावोगाव असतात. दगडही असतात. मी फोन काढून नकाशा पाहिला. निळा ठिपका राजूर घाटाकडेच होता, जिथे असायला हवा तिथेच. मी स्वतःला म्हटलं, मंजुश्रीबाई, पाझर तलावाच्या वाटेने तुम्ही पावसाळ्यानंतर आला नव्हता, तेव्हा गवतात हा दगड दिसला नसेल. पटलंही. मग मी खाली पाहिलं.

फुफाट्यात माझ्या चपला उमटलेल्या होत्या. त्यांच्या बाजूला एक पाऊल, एक रेघ. आम्ही अजून तिथवर पोचलो नव्हतो.

मी धम्मरत्नचा हात धरून त्याला जवळजवळ ओढतच मागे आणलं. तो वळून वळून बघत होता. "येतो," म्हणत होता, "येतो, येतो," समजूत काढल्यासारखं.

मी घाबरले. सरळ सांगते, इतकी वर्षं वर्गात पोरांना प्रत्येक गोष्टीला कारण असतं म्हणून शिकवणारी मी, त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या आधी सगळ्या काचा वर केल्या.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच ताहेराकडे गेले. वहाबभाई बाजाराला गेले होते. ती चुलीपुढे होती. मी विचारलं, "जो 'येतो' म्हणतो त्याचं काय होतं?"

"होते काय? येतो म्हटलं तर याच लागते," ती म्हणाली. "माहे जेठ, अकीलभाऊ. पुन्याले नौकरी लागली. निंघतांनी अम्मी म्हने, 'जातो' म्हन बे. ते शिकेल सवरेल, हसले. निंबाखाली उभे राहून मोठ्यानं म्हटलं, येतो. मंग येतच राह्यले. नौकरी सोडून सोडून या लागले. कवाबी पाहा, दगडावर."

"आणि मग? हरवले?"

"नाही वो. घरीच हायेत. देऊळघाटात. जेवते, झोपते, नमाजले जाते." तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "पन अम्मीनं मरेपर्यंत त्यायले अकील म्हनून हाक मारली नाही. 'तो' म्हने. त्याले जेवाले वाढा. तो आला काय."

आत कुठेतरी कोंबडी खडबडली. ताहेरा माझ्याकडे न बघता म्हणाली, "साहेबाले तेवढं 'जातो' शिकवा, ताई. एकडाव मनापासून म्हटलं तर सुटते म्हनते."

तर मी नवऱ्याला 'जातो' शिकवायला घेतलं. शाहीनला कारण सांगितलं नाही. ओठांची, जिभेची ठेवण तिने दाखवली. आरसा समोर ठेवून आम्ही बसायचो. "जा." "हो." "जा." "ये." "नाही रे, जा. जा-तो." घरात दिवसभर हेच. शेजारच्या सुवर्णावहिनी साखर मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. "अहो, आजारी माणसाच्या तोंडी काय हे अभद्र! दुसरा शब्द नाही का सापडला?" मी त्यांना साखर दिली. आपल्याच हातांनी आपण याला काय शिकवतोय, असं वाटून त्या दुपारी मी मोरीत जाऊन रडले.

याच काळात एकदा मी दूध आणायला गेले आणि तो घरातून गेला. एकटा. बसने गेला असणार, कंडक्टर मंडळी त्याला ओळखतात, त्याला चढवून घेतलं असणार. मी पांदणीत पोचले तेव्हा तो दगडावर बसला होता, एका बाजूला. दुसऱ्याला जागा ठेवून बसतात ना, तसा. आणि कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी मान हलवत होता. "हो," म्हणत होता. "हो. हो."

त्यानंतर मी दाराला आतून कुलूप लावायला लागले.

शब्द आला तो तूर कापणीला आली तेव्हा. सकाळी आरशासमोर तो घाम येईपर्यंत झगडला आणि म्हणाला, "जा. तो." मी टाळ्या वाजवल्या. त्याने पुन्हा म्हटलं, जोडून: "जातो." आवाज त्याचाच, फलाटावरचा. मी गाडी काढली.

वहाबभाई पांदणीच्या तोंडाशी उभे राहिले. "मी इथंच हाय," म्हणाले. "म्हनून झालं का सरळ या. मांगं पाहू नका."

दोन्हीकडची तूर अर्धी कापलेली होती, त्यामुळे वाट उघडी उघडी वाटत होती. होले नव्हते. धम्मरत्न माझा हात धरून चालत होता आणि वळण जवळ आलं तसं त्याचं उजवं पाऊल उचललं जायला लागलं. निंबाशी पोचलो. मी त्याचा हात सोडला, त्याला दगडासमोर उभं केलं आणि त्याच्या मागे उभी राहिले.

"म्हण," मी म्हटलं.

तो दगडाकडे बघत राहिला.

"म्हण रे. मनापासून. मग घरी जाऊ."

त्याने डावा हात वर केला. मग तो वळला. दगडाकडे पाठ करून, माझ्याकडे.

माझ्या चेहऱ्याकडे त्याने इतकं नीट पाहिलं की मला वाटलं, आता हा बरा झाला. त्याचे ओठ मिटले. 'म'पर्यंत आले आणि या वेळी अडले नाहीत.

"मंजू," तो म्हणाला. "जातो."

मी ओरडले, "मला नाही! त्यांना! त्यांना म्हण!"

उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली. मी हात आडवा धरला असेन, डोळे मिटले असतील. नक्की आठवत नाही.

दगडाच्या बाजूने त्याच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "येतो."

डोळे उघडले तेव्हा तो दगडाजवळ उभा होता. एकटाच. मघाशी माझ्यासमोर होता, आता दोन पावलं मागे. त्याने माझ्याकडे बघून हात पुढे केला. मी तो धरला आणि आम्ही निघालो. मागे पाहायचं नाही म्हणून मी पाहिलं नाही. ते पाळायला नको होतं.

शेडपाशी ताहेराने चहा आणला. नेहमीप्रमाणे तिने कप धम्मरत्नच्या डाव्या हाताकडे धरला. त्याने उजव्या हाताने घेतला. डावा हात मांडीवर नुसता पडून होता. ताहेराने ते पाहिलं. आत गेली ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.

शाहीन तर नाचायचीच बाकी होती. "काकू, उजवी बाजू फुल रिकव्हर! अशी केस मी पाहिली नाही." मग तिने त्याला खोलीभर चालवलं आणि पुन्हा एकदा चालवलं. "डावा पाय थोडा जड वाटतोय. पण होईल."

आज तो सगळं बोलतो. पेपर वाचतो, भाजी चिरतो, ग्रुपवर सुप्रभात टाकतो. घोषणांची नक्कल करून दाखवतो आणि लोक म्हणतात, मंजुश्रीबाई, तुम्ही माणूस परत आणलात. मी हो म्हणते. तो माझ्याशी फार चांगला वागतो. मला नावाने हाक मारतो, पूर्ण नावाने, स्पष्ट: मंजुश्री.

मी आता आठवड्यातून एकदा पांदणीत जाते, एकटी. तूर कधीच निघून गेली, धुरे उघडे पडले आहेत. वहाबभाई मला अडवत नाहीत. निंबापाशी गेलं की फुफाट्यात एक डावं पाऊल आणि एक उजव्याची रेघ दिसते, ताजी. पूर्वी ती दगडाभोवतीच असायची. हल्ली वळण ओलांडून अलीकडे येते, आणि थांबते तिथे पाऊल बाहेरच्या दिशेला असतं. मला धम्मरत्न हवाय. फरफटत आला तरी चालेल, तीनच शब्द घेऊन आला तरी चालेल. मी दगडाशी उभी राहते, हात वर करते आणि मोठ्याने, मनापासून म्हणते, "येते."

घरी पोचले की तो दारातच असतो. पाणी देतो. माझ्या चपलांवरची माती बघतो आणि दर वेळी, अगदी सहज, एकच विचारतो.

"मंजुश्री, तिथून निघताना 'जाते' म्हणालीस ना?"

"हो," मी म्हणते.